आमची टाकी तिकडे भरते

अच्छाडच्या सीमेवर महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात एक करार आहे. तो कोणी लिहिलेला नाही, त्यावर कोणा मुख्यमंत्र्याची सही नाही, तरी दोन्ही बाजू तो वर्षानुवर्षं इमानाने पाळतात. तिकडे पेट्रोल स्वस्त आणि १९६० साली राज्य झाल्यापासून दारूबंदी. इकडे पेट्रोल महाग आणि बार उघडे. त्यामुळे संध्याकाळ झाली की एमएच-४८ च्या गाड्या भिलाडकडे निघतात आणि जीजे-१५ च्या तलासरीकडे येतात. त्यांची टाकी इकडे भरते, आमची तिकडे. परतताना दोघंही खुशीत असतात, फक्त आमच्यातला गाडी चालवणारा शुद्धीवर असतो.

डहाणू-तलासरीत गाडीबद्दलची कुठलीही चर्चा शेवटी या सीमेशी येऊन थांबते. मोठं इंजिन चांगलं की हायब्रिड, या प्रश्नावर शहरातले लोक पर्यावरण, तंत्रज्ञान वगैरे बोलतात. आमच्याकडे पहिला प्रश्न असतो तो म्हणजे सीमेपलीकडच्या उंबरगावला जाऊन पेट्रोल भरून यायला परवडतं का.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पेट्रोलमध्ये लिटरमागे गेली काही वर्षं आठ-नऊ रुपयांचा फरक आहे. दोन राज्यांचा व्हॅट वेगळा, एवढंच त्याचं कारण. आता नऊ रुपयांत कोणाचं घर बांधून होत नाही, पण वाचवलेल्या नऊ रुपयांची गोडी कमावलेल्या नव्वदांना नसते. आमच्या ओळखीचे एक बागायतदार आहेत. त्यांना आपण शेठ म्हणू, नाही तरी सगळे तेच म्हणतात. चिकूची वाडी, दोन मजली घर आणि दारात पेट्रोलवर चालणारी भली मोठी गाडी. इंजिन दोन लिटरच्या वरचं. लिटरला दहा किलोमीटर गेली तर शेठ पेढे वाटतील. शेठ सुट्टीच्या दिवशी घोलवड, बोर्डी, झाई करत उंबरगावला पेट्रोल भरायला जातात. जाऊन-येऊन साधारण पन्नास किलोमीटर, म्हणजे पाच लिटर, म्हणजे पावणेपाचशे रुपये. टाकीत चाळीस लिटर भरलं तर वाचले तीनशे साठ. हा हिशोब मी त्यांना कागदावर मांडून दाखवला. शेठनी तो नीट वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "पण तिकडे भजी चांगली मिळतात."

हाच प्रवास हायब्रिडने केला तर लिटरला बावीसच्या हिशोबाने सव्वादोन लिटर लागतं, सव्वादोनशे रुपये जातात, आणि खरोखरच दीडशेच्या आसपास सुटतात. म्हणजे ज्याला पेट्रोलच्या शोधात जाणं परवडतं त्याला जायची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे तो वाचवायचं पेट्रोल वाटेतच जाळून येतो. डिझेलवाल्यांची गंमत तर आणखी पुढची. डिझेलच्या भावात दोन राज्यांत फारसा फरकच नाही. तरी तेही जातात. सगळे जातात म्हटल्यावर आपण मागे का राहायचं?

"गाडी किती देते?" हा आपल्याकडे नमस्कारानंतरचा पहिला प्रश्न. पगार विचारायला माणूस जरा कचरतो, अ‍ॅव्हरेज विचारायला नाही. उत्तर देणाराही प्रामाणिकपणे खोटं सांगतो. कंपनीचा आकडा अठ्ठावीस असेल, गाडी अठरा देत असेल, तर सांगायचा आकडा बावीस. कंपनीचा आकडा पुण्याच्या एआरएआयचा, म्हणजे कोथरूडच्या टेकडीवरच्या प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर उभी करून काढलेला. पुणेकरांनी काढलेला असल्याने तो अचूक असतो, फक्त वापरायचा नसतो.

या नियमाला एकच अपवाद. फॉर्च्युनरवाल्याला कोणी अ‍ॅव्हरेज विचारत नाही. विचारलंच तर तो उत्तर न देता विचारणाऱ्याच्या चपलांकडे बघतो.

आता या फॉर्च्युनरचं बघा. डिझेल इंजिन २७५५ सीसी, ताकद २०४ अश्वशक्ती. सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने जायला तेवढ्या धुडालाही वीस-एक अश्वशक्ती पुरते. उरलेले एकशे ऐंशी घोडे बोनेटखाली बसून असतात. बसून असले तरी त्यांना वैरण लागते, हा मोठ्या इंजिनाचा मूळ दोष. पेट्रोलच्या मोठ्या इंजिनाचं तर आणखी वाईट. त्याला हळू चालवायचं म्हणजे त्याच्या श्वासाची वाट अडवायची. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन त्या फटीतून हवा ओढता ओढताच दमतात. शंभर रुपयांचं पेट्रोल जाळलं तर वीस-पंचवीस रुपये चाकापर्यंत पोचतात, बाकीचे रेडिएटर आणि सायलेन्सर वाटेत वाटून घेतात. डिझेलला ती झडप अडवत नाही, म्हणून हळू चालतानाही त्याची उधळपट्टी कमी. आपल्याकडे एवढी वर्षं मोठी गाडी म्हणजे डिझेल असं समीकरण होतं ते उगीच नव्हे.

पण हा सगळा हिशोब गाडी चालते असं धरून आहे. आमच्याकडच्या मोठ्या गाडीचं मुख्य काम उभं राहणं हे आहे. तहसील कचेरीसमोर उभी, पंचायत समितीसमोर उभी, लग्नाच्या मांडवाला जवळजवळ टेकून उभी. साहेब आत बैठकीत, ड्रायव्हर बाहेर गाडीत, इंजिन चालू, कारण एसी चालू, कारण साहेब बाहेर आले की आतली सीट गार लागली पाहिजे. तासाला लिटरभर डिझेल जातं आणि अंतर पडतं शून्य. ही इंधनक्षमता एआरएआयने अजून मोजलेली नाही.

मोठ्या गाडीशिवाय पुढारीपण जमत नाही, असं मात्र आमच्या मतदारसंघाला कोणी सांगू नये. २०१९ मध्ये डहाणूतून निवडून आलेले विनोद निकोले यांनी प्रतिज्ञापत्रात ५१ हजारांच्या आसपास संपत्ती दाखवली होती. राज्यातले सर्वांत गरीब आमदार म्हणून पेपरांत त्यांचं नाव आलं. तेवढ्या पैशांत फॉर्च्युनरचे चार चांगले टायर येत नाहीत. २०२४ ला ते पुन्हा निवडून आले. टायरांचा आणि मतांचा संबंध लोक समजतात तितका घट्ट नसावा.

या विषयातले आमचे अधिकारी पुरुष म्हणजे तलासरीचे एक मेस्त्री. गॅरेज म्हणजे पुढे पत्रा, मागे भिंत आणि मध्ये जगातल्या सर्व गाड्यांचे अवशेष. मेस्त्रींची हयात जीपमध्ये गेली. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, ती पेट्रोलवर चालायची, इंजिन सव्वादोन लिटरच्या जवळचं. पुढे पेट्रोल कडाडलं आणि ते खादाड इंजिन कोणाला पोसवेना. मग जुन्या जीपांच्या पोटातून ती इंजिनं काढून डिझेल बसवायचा धंदा गावोगाव सुरू झाला. महिंद्राच्या जीपांतलं प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन मेस्त्रींच्या मते मानवजातीने केलेली शेवटची चांगली गोष्ट. "धूर काढतंय, पण नेतंय," असं ते म्हणतात. त्यांच्या तोंडी याहून मोठी स्तुती नाही. मोठं पेट्रोल इंजिन परवडत नाही म्हणून दुसरं काहीतरी बसवा, ही मागणी त्यांनी तरुणपणीच पुरवलेली असल्याने हायब्रिडचं त्यांना नवल नाही. त्यांची तक्रार वेगळी आहे. तिच्याकडे येऊच.

आधी सरकारचं बघू, कारण इंजिनाचा आकार इंजिनीअर ठरवतात हा एक गोड गैरसमज आहे. तो वकील आणि कर सल्लागार ठरवतात. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी घातली. महिंद्रांची स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० यांचं इंजिन २.२ लिटरचं. महिनाभरातच १.९९ लिटरचं इंजिन हजर! कायद्याची रेघ दोन लिटरवर, तर इंजिन रेघेच्या एक अंगुळ अलीकडे. हवेला काय फरक पडला ते हवेलाच ठाऊक. ऑगस्ट २०१६ मध्ये बंदी उठली आणि २.२ लिटरचं इंजिन सन्मानाने घरी आलं.

लांबीचंही तेच. चार मीटरच्या आतली गाडी म्हणजे छोटी, तिला कर कमी, असं २००६ पासून चालू आहे. तेव्हापासून कित्येक सुंदर गाड्यांच्या डिक्या अशा कापल्या गेल्या की मागून बघितल्यावर गाडी रिव्हर्स घेताना भिंतीला लागली आहे असं वाटावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची नवी व्यवस्था आली. चार मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० पर्यंत, तर १८ टक्के. बाहेर पडलात तर ४०. विजेच्या गाडीला ५. हायब्रिडला वेगळा भाव नाही, तिलाही हीच पट्टी. परिणाम असा की २७५५ सीसीची फॉर्च्युनर आणि एआरएआयच्या कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटर देणारी ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडर हायब्रिड, दोघी चाळीस टक्क्यांच्या एकाच बाकावर. कारण हायब्रिडचं इंजिन १४९० सीसीचं आहे आणि लांबी चार मीटरच्या वर. सरकारच्या फूटपट्टीवर लांबीची खूण आहे, सीसीची आहे, धुराची नाही.

त्यात पुन्हा हायब्रिड कोणाला म्हणायचं हाही घोळ. २०१५ च्या सुमारास सियाझच्या पाठीवर हायब्रिड लिहून आलं, तेव्हा लोकांना वाटलं गाडी विजेवर चालते. ती चालत नव्हती. सिग्नलला इंजिन बंद करायची, निघताना जराशी ढकलायची, बस. सरकारनेही तिला आधी अनुदान दिलं आणि २०१७ मध्ये काढून घेतलं. आता २०२५ मध्ये फॉर्च्युनरनेही ४८ व्होल्टची अशीच एक मदतनीस मोटर बसवून घेतली. वीस घोड्यांचं काम असताना दोनशे चार पोसायचे, आणि त्यांच्या मदतीला आणखी एक शिंगरू आणायचं, हा थाट फक्त श्रीमंतांना सुचतो.

खरी हायब्रिड आमच्या आळीत आणली ती एका मास्तरांनी. निवृत्तीचे पैसे मिळाले होते आणि मास्तर विज्ञानाचे. गाडी घेतली की पूजा महालक्ष्मीला, विवळवेढ्याला, याबाबत विज्ञान-कला असा भेद आमच्याकडे नाही. हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. पुजारी म्हणाले, "हां, करा आता चालू."

मास्तर म्हणाले, "चालूच आहे."

पुजाऱ्यांनी कान दिला. जमलेल्या सगळ्यांनी कान दिला. मास्तरांच्या मेहुण्याने बोनेटला कान लावला. काही नाही. "बॅटरी उतरली असंल," कोणीतरी म्हणालं. दुसऱ्याने धक्का मारायची तयारी दाखवली. एवढ्यात मास्तरांनी पाय दाबला आणि गाडी चकार शब्द न काढता लिंबांवरून पुढे गेली. फच्च, फच्च, एवढाच आवाज. "भूत हाये काय हिच्यात?" असं एक आजी म्हणाल्या, आणि पुजाऱ्यांनी न विचारता आणखी एक नारळ फोडला.

नंतर आळीतल्या सगळ्यांना गाडी समजावून सांगायचं काम मास्तरांवर आलं. त्यांनी फळ्यावरच्यासारखं सुरू केलं. जेम्स अ‍ॅटकिन्सन नावाच्या इंग्रजाने १८८२ मध्ये एक इंजिन काढलं. त्यात दाबायला हवा कमी आणि फुगायला जागा जास्त, त्यामुळे इंधनाचा अधिक कस निघतो, पण निघताना जोर कमी पडतो. तो कमी पडलेला जोर मोटर देते. शिवाय ब्रेक लावला की तीच मोटर जनरेटर होते आणि चाकांचा वेग विजेच्या रूपाने बॅटरीत टाकते. बॅटरी किती मोठी? एक युनिट वीजही मावणार नाही एवढी. पण दर मिनिटाला भरायची आणि दर मिनिटाला उपसायची, म्हणून पुरते. अशा इंजिनांत टोयोटाने जळलेल्या इंधनापैकी ४० टक्क्यांपर्यंत काम काढून दाखवलं आहे, आणि पहिली प्रियस १९९७ मध्ये आली, म्हणजे हे काल-परवाचं प्रकरण नाही. मास्तर ग्रहगतीच्या गिअरवर आले तेव्हा निम्मे श्रोते चहाला गेले होते.

वाडीवर काम करणारे एक काका शेवटपर्यंत थांबले. ते म्हणाले, "समजलं. रायणीच्या खुंटावर चिकूचं कलम. मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं." रायण काटक, जमिनीत घट्ट धरते, पाणी कमी पडलं तरी टिकते, पण तिच्या फळाला बाजार नाही. चिकूला बाजार आहे, पण त्याला खालून आधार लागतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या मुळाशी हा खुंट आहे. मास्तरांनी अर्धा तास घेतला, काकांनी एक ओळ. मास्तर जरा हिरमुसले, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनीही कलमाचाच दाखला द्यायला सुरुवात केली.

मेस्त्रींची तक्रार मात्र कलमाने मिटणारी नव्हती. मास्तर गाडी दाखवायला तलासरीला गेले. मेस्त्रींनी बोनेट उघडलं आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. आत भगव्या रंगाच्या जाड वायरी.

"या कसल्या?"

"त्यांना हात लावायचा नाही, मेस्त्री. शेकडो व्होल्ट आहेत."

"क्लच प्लेट?"

"क्लच नाही."

"स्टार्टर?"

"वेगळा नाही."

"अल्टरनेटर? बेल्ट?"

"नाही."

मेस्त्रींनी बोनेट हळूच बंद केलं. "मास्तर, ही गाडी बिघडणार नाही असं म्हणता. बरं. पण बिघडली तर आम्ही काय, आरती करायची?" यावर मास्तरांनी बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी सांगितली. मेस्त्री म्हणाले, "आठ वर्षांनी मी असेन. बॅटरीचं बघा." हे बोलणं हसण्यावारी नेलं तरी त्यातली गोम खरी आहे. आमच्याकडे गाडी पहिल्या मालकाकडे आठ वर्षं जगते आणि खरं आयुष्य त्यानंतर सुरू होतं, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मालकाकडे, तलासरी-उधवा रस्त्यावर. त्या आयुष्याचा हिशोब कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाही.

पहिल्या मालकाचा हिशोबही सरळ नाही. त्याच गाडीची साधी आवृत्ती आणि खरी हायब्रिड यांत दोन-अडीच लाखांचा फरक पडतो. वर्षाला बारा हजार किलोमीटर गाडी फिरली, साधी लिटरला चौदा आणि हायब्रिड बावीस देते असं धरलं, तर वर्षाला तीनशे लिटर वाचतं, म्हणजे तीस-बत्तीस हजार रुपये. वरचे पैसे फिटायला सात-आठ वर्षं. तोवर वॉरंटी संपत आलेली. मास्तरांना हे माहीत आहे. विचारलं तर ते म्हणतात, "आवाज नाही ना, त्याचे पैसे." ज्यांनी चाळीस वर्षं सातवीचे वर्ग घेतले त्यांना हा भाव चढा वाटत नसावा.

खरं सांगायचं तर हायब्रिडचं तत्त्व आमच्या काळी-पिवळीच्या ड्रायव्हरांना जपान्यांच्या आधीपासून माहीत होतं. जव्हारकडून कासाकडे घाट उतरताना ते गाडी न्यूट्रलला टाकायचे आणि चावी बंद. चौदा-पंधरा माणसं, दोन कोंबड्या, एक तांदळाचं पोतं, आणि सगळं निव्वळ गुरुत्वाकर्षणावर. इंधन शून्य. फक्त इंजिन बंद झालं की ब्रेकचा जोरही थोड्या वेळात जातो, ही बाब ते देवावर सोपवत आणि देव ती बहुतेक वेळा सांभाळून घेत असे. हायब्रिड नेमकं तेच करते, इंजिन बंद ठेवून उतरते, पण ब्रेक आणि स्टिअरिंग जागेवर ठेवते आणि उताराचे पैसे बॅटरीत जमाही करते. कृपा करून जुनी पद्धत आता कोणी वापरू नये. देवावर आधीच आमच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवण बंदराचा भार आहे.

हायब्रिडचा सगळ्यात मोठा पाठीराखा मात्र वेगळाच आहे. तो म्हणजे आमचा राष्ट्रीय महामार्ग ४८.

मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या नव्वद-शंभरच्या वेगाने जाताना हायब्रिडच्या अंगातली निम्मी विद्या बसून राहते. ब्रेकच लागत नाही तर बॅटरीत काय टाकणार? तिथे चांगलं डिझेल तिच्या बरोबरीला येऊन बसतं. मनोर ते अच्छाड रस्ता मोकळा मिळाला असता तर जुनी २.४ लिटरची डिझेल क्रिस्टा आणि नवी हायक्रॉस हायब्रिड यांत लोक कागदावर वाचतात तेवढा फरक पडला नसता. पण रस्ता मोकळा मिळतो कुठे? दहिसर ते अच्छाड हा १२१ किलोमीटरचा डांबरी रस्ता सिमेंटने मढवायचं काम निघालं आणि २०२४ मध्ये महामार्गाची शिस्तबद्ध रांग झाली. एक मार्गिका बंद, उरलेल्यांत कंटेनर, कंटेनरच्या मागे रुग्णवाहिका, रुग्णवाहिकेच्या मागे तिचा फायदा घेणारे. दहा फूट पुढे, पाच मिनिटं थांबा. या रांगेत २.८ लिटरचं इंजिन जागच्या जागी डिझेल पितं, आणि मास्तरांची गाडी इंजिन मिटून, दिवा लावून, गार हवेत बसून राहते. आजूबाजूला ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसलेले, मास्तर मात्र समोरच्या पडद्यावरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा चढताना बघून खूश. रांग जेवढी लांब तेवढा आकडा चांगला. एकदा तर रांग सुटली तेव्हा ते नाराज झाले.

म्हणून हायब्रिडचं भवितव्य काय, असं कोणी विचारलं तर मी रस्ते खात्याकडे बोट दाखवतो. खड्डे, वळणमार्ग, अर्धवट उड्डाणपूल आणि टोलनाके आहेत तोवर हायब्रिडला मरण नाही. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग तलासरीवरून पुरता मोकळा सुटला की मात्र तिची परीक्षा आहे.

हे सगळं लिटरमागे किलोमीटरच्या भाषेत झालं. आमच्या भागात आणखी एक माप चालतं, आणि ते जास्त खरं आहे. लिटरमागे माणसं. फॉर्च्युनर लिटरला दहा किलोमीटर जाते आणि आत साहेब व ड्रायव्हर मिळून दोघे, म्हणजे गुणाकार वीस. मास्तरांच्या गाडीत मास्तर, बाई आणि बाईंची सूचना-यंत्रणा म्हणून मागे बसलेली त्यांची बहीण. बावीस गुणिले तीन, सहासष्ट. तलासरी नाक्यावरून सुटणारी बाराशे सीसीची ईको लिटरला पंधरा जाते आणि तिच्यात दहा माणसं असतात, अकरावा दारात. दीडशे! कुठलंही तंत्रज्ञान न वापरता ईकोने टोयोटाचा दुपटीने पराभव केला आहे, आणि तिच्यात सीएनजीची टाकी असेल तर खर्च आणखी खाली. नियमात बसत नाही, हे मान्य. पण एसटी वेळेवर येत नसेल तर आदिवासी पाड्यावरच्या बाईने बाजाराला नियमात बसून जायचं की ईकोत?

आणि या सगळ्यांच्या वर बसली आहे डहाणू लोकल. १६ एप्रिल २०१३ ला ती पहिल्यांदा आली. विरार सोडलं की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव करत येते आणि प्रत्येक स्टेशनात ब्रेक लावताना तिच्या मोटरी जनरेटर होऊन वीज वरच्या तारेत परत पाठवतात. मागची लोकल थांबते तेव्हा पुढची लोकल तिच्या विजेवर निघू शकते. मास्तर ज्या गोष्टीचे दोन-अडीच लाख जास्त मोजून आले ती ते नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सेकंड क्लासच्या पासावर वापरत होते, खिडकीत बसून, कुरकुर करत.

विजेच्या गाड्या येतील आणि मोठं इंजिन व हायब्रिड, दोघांचाही निकाल लावतील, असं शहाणे लोक म्हणतात. येतील. पण आमच्याकडे विजेचं आणि आमचं नातं जरा नाजूक आहे. डहाणूला ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून. १९९१ मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. नर्गिस इराणींसारखी माणसं या प्रकल्पाशी वर्षानुवर्षं भांडली. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं, आणि त्याच्या पाठपुराव्याने चिमणीला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा लागली. चिमणी आमच्या डोक्यावर, वीज मुंबईच्या उपनगरांत. अंधेरीतली विजेची गाडी डहाणूच्या कोळशावर चालते आणि डहाणूत पावसाची पहिली सर आली की दिवे जातात. तेव्हा मास्तर अंगणात गाडी चालू करून तिच्या गारव्यात बसतात. आजूबाजूची दोन-तीन मुलं मोबाइल चार्ज करायला येतात. हा उपयोग कंपनीच्या माहितीपत्रकात नाही.

मोठ्या इंजिनाचा जीव कशात आहे ते जर्मनीने दाखवून दिलं. मर्सिडीजने आपल्या सी ६३ गाडीतलं चार लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन काढलं आणि दोन लिटरचं, चार सिलिंडरचं हायब्रिड बसवलं. ताकद वाढली. सहाशे सत्तरच्या पुढे अश्वशक्ती! गिऱ्हाईक रुसलं. आवाज नाही म्हणाले. अमेरिकेत रॅमनेही आपल्या पिकअपमधलं आठ सिलिंडरचं हेमी इंजिन काढलं होतं, ते २०२५ मध्ये परत आणायची घोषणा करावी लागली. डेट्रॉईट, श्टुटगार्ट आणि तलासरीचे मेस्त्री यांचं एकमत व्हावं अशी ही जगातली एकमेव बाब.

म्हणून माझं मत असं की मोठं इंजिन मरणार नाही. कर चाळीसाचा साठ करा, पेट्रोल दीडशेवर न्या, तरी मरणार नाही. कारण जे चालण्यासाठी घेतलेलंच नसतं ते महाग चालतं म्हणून कोणी विकत नाही. हायब्रिड त्याला हरवील ती कामाच्या गाड्यांत, दिखाव्याच्या नव्हे.

तुम्ही गाडी घ्यायच्या विचारात असाल तर शोरूमला जाण्याआधी एवढं करा. गेल्या महिन्यात कुठे कुठे गेलात ते आठवून कागदावर लिहा. त्यात बोईसर, विरार, ठाणे आणि रांगा जास्त असतील तर हायब्रिड घ्या. घरची सात माणसं घेऊन सुरत, वडोदरा, उदयपूर करत असाल तर डिझेल अजून काही वर्षं बिनधास्त वापरा. जाताना-येताना एकटेच असाल तर लोकलचा पास काढा आणि उरलेले पैसे बँकेत ठेवा. आणि कागदावर नुसती लग्नं, सभा आणि पूजाच आल्या, तर मोठी गाडी घ्या, मात्र उभी करायला सावली आधी बघून ठेवा.